नावापुढे काय लिहू

अराद, बहरीन
९ जानेवारी २०२५

बाबा, जयभीम.

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला एवढी मोठी गोष्ट सांगत होते आणि तुम्ही माझ्या दर वाक्याला "हो, जेवलो, तू जेवली का?" म्हणत होता. शेवटी मैत्रीच म्हणाली, "आई, ही कान्ट हिअर यू. राइट टू हिम." सात वर्षांची झाली तुमची नात. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. पण बोलली ते खरं. जहाजांच्या यार्डातल्या हातोड्यांनी तुमचे कान नेले, डोळे अजून शाबूत आहेत. तेव्हा आता लिहितेच. भाऊ म्हणून एवढं काम संदेशला सांगितलंय, झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला. तुम्ही कागदावर लिहा, तो फोटो काढून पाठवेल.

गोष्ट अशी. आमच्या हॉस्पिटलात आता नर्स प्रॅक्टिशनर हे नवं पद काढायचं चाललंय. म्हणजे नर्सच, पण रुग्णाला स्वतः तपासणारी, आजार ओळखणारी, ठरवून दिलेल्या मर्यादेत औषध लिहून देणारी. त्यासाठी पुढचं शिकावं लागतं. आमच्या इनचार्ज सिस्टर सॅन्ड्रा, वसईच्या, त्यांनी मधुमेहाच्या क्लिनिकमधून माझं नाव दिलं. मी भीतभीत दोन ठिकाणी अर्ज केले आणि दोन्हीकडून होकार आला. आता पंचाईत अशी की निवडायचं एकच.

एक आहे मास्टर्स. दोन वर्षांचं, इथेच राहून, ड्यूटी थोडी कमी करून. दुसरी डॉक्टरेट. चार वर्षं. बरंचसं घरून, कॉम्प्युटरवर, पण मधे दोनदा काही महिने परदेशात विद्यापीठात जाऊन राहावं लागेल. दोन्हींतून नर्स प्रॅक्टिशनर होता येतं. डॉक्टरेट केली तर नावापुढे 'डॉ.' लावता येतं, पण ते पदवीचं. मी काही एमबीबीएस होणार नाही.

एप्रिलअखेर उत्तर द्यायचंय. तुमचा जावई उज्ज्वल म्हणतो, तुला जे पटेल ते कर. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, उपयोगाला येत नाही. तुम्ही सांगा.

सीमा


तुमसर
२२ जानेवारी २०२५

प्रिय पोरी, जयभीम.

तुझं पत्र आलं. संदेशने प्रिंट आणली तेव्हा झेरॉक्सवाला आधीच वाचून बसला होता. "काका, सीमाताई डॉक्टर होऊन राहिली ना जी?" असं त्यानं मला रस्त्यावरच विचारलं. म्हणजे माझ्याआधी तुमसरला कळलं.

यात विचारायचं काय आहे? डॉक्टर हो. मास्टर्स काहून करतेस? आपल्यात मास्तर पुष्कळ झाले. तुझा मामा मास्तर, चुलता मास्तर, वहिनीचा बाप मास्तर. शिकवायचं काम चांगलं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही, पण तुला बारा वर्षं पेशंटची सेवा करून पुन्हा खडू हातात घ्यायचा असेल तर मग इतक्या दूर समुद्रापलीकडे कशाला गेलीस?

बाई, तुला ठाऊक नाही. मी तिकडेच बहरीनला, हिद्दच्या यार्डात कामाला होतो तेव्हा आमच्या क्वार्टरमध्ये बिहारचे, केरळचे, आंध्रचे, सगळे होते. कोणाचा पोरगा इंजिनियर झाला की तो माणूस महिनाभर वेगळाच चालायचा. गेटवरचा वॉचमनसुद्धा त्याला आधी सलाम करायचा. मी पाहून राहायचो. तुझी नर्सिंगची परीक्षा झाली तेव्हा मीही तसा चाललो होतो, पण कोणी विचारलं की "नर्स का?" असं म्हणून गप्प बसायचे. डॉक्टर म्हटलं की कोणी गप्प बसत नाही.

मैत्रीला सांग, आजोबांना ऐकू येत नाही पण तिचं इंग्रजी ओठांवरून समजते. उज्ज्वलला जयभीम. अरादच्या किल्ल्याजवळ आम्ही सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो, तिथे अजून वारा लागतो का?

किसन


अराद
६ फेब्रुवारी २०२५

बाबा, जयभीम.

मास्टर्स म्हणजे मास्तर नव्हे. तुमचं पत्र मी उज्ज्वलला वाचून दाखवलं तर तो हसून हसून खुर्चीतून उठला. ती पदवी आहे, एम.ए.सारखी, नर्सिंगमधली. ती घेऊन मी खडू धरणार नाही, पेशंटच बघणार आहे.

नीट सांगते. दोन्ही वाटांचा शेवट एकाच दारात होतो. काम तेच, अधिकार तोच. डॉक्टरेटमध्ये दोन वर्षं जास्त जातात ती हॉस्पिटल कसं चालवावं, एखादी पद्धत चुकत असेल तर ती कशी बदलावी, हे शिकण्यात. ते शिक्षण हलकं नाही. पण पेशंटसमोर बसून औषध लिहिण्याचा दिवस दोन वर्षं लांबतो.

आणि मला तो दिवस लवकर हवा आहे. का, ते लिहिते. आता रमजान जवळ आला. आमच्या क्लिनिकमध्ये सध्या पाय ठेवायला जागा नाही. मधुमेहाच्या माणसाला रोजे धरायचे असतील तर औषधाच्या वेळा आणि मात्रा आधी बदलून घ्याव्या लागतात. डॉ. सायरा एकट्या. सकाळी येतात, दुपारचं जेवण टेबलावर तसंच राहतं. काल इथलीच, अरादची, एक म्हातारी आली होती. आतिका नाव, मोडकीतोडकी हिंदी बोलते. नवरा मासेमारी करायचा, आता नाही. तिची डॉक्टरांची तारीख रमजान सुरू झाल्यानंतरची. मी म्हटलं, "खाला, डॉक्टरांना भेटेपर्यंत रोजा धरू नका." ती माझा हात धरून म्हणाली, "इंशाल्ला." बाबा, तुम्ही इथे राहिला आहात. या इंशाल्लाचे किती अर्थ होतात ते मी तुम्हाला काय सांगावं.

मी तिची तारीख अलीकडे आणायचा प्रयत्न केला, मिळाली नाही. डॉ. सायरांना चालता चालता विचारलं तर त्या म्हणाल्या, "सीमा, कागद न बघता मी कसं सांगू? आणि कागद बघायला वेळ कुठून आणू?" त्यांचंही खोटं नाही.

किल्ल्याजवळ अजून वारा लागतो. मैत्रीला तिथे सायकल शिकवतोय.

सीमा


तुमसर
२५ फेब्रुवारी २०२५

सीमा, जयभीम.

पत्र मिळालं, मास्टर्सचं समजलं. त्या आतिकाबाईची काळजी घे. मासेमारी करणारी माणसं हट्टी असतात, पण दिलेला शब्द मोडत नाहीत.

आता आनंदाची बातमी. विहारात मीटिंग झाली. चौदा एप्रिलला मिरवणूक निघण्याआधी समाजातल्या शिकलेल्या पोरापोरींचा सत्कार ठेवला आहे. अध्यक्ष संतोष मेश्राम म्हणाला, "किसनभाऊ, पहिला मान तुमच्या सीमाचा. बहरीनमध्ये डॉक्टर होऊन राहिली, गावात दुसरं कोण आहे असं?" मी हो म्हणून टाकलं. बॅनर छापायलाही दिला. विहाराच्या कमानीवर लागेल. संदेश त्याचा फोटो सोबत पाठवून राहिला आहे. तुझा नर्सच्या ड्रेसमधला फोटो त्यांना नको होता, म्हणून लग्नातला दिला. खाली नाव आहे, डॉ. सीमा किसन गजभिये. रामटेके लिहा असं मी म्हटलं होतं, पण संतोष म्हणाला, माहेरचं गाव आहे, माहेरचंच नाव लागेल. उज्ज्वलला राग नाही ना येणार?

तुला सुट्टी मिळाली तर दोन दिवस येऊन जा. नाही जमलं तर सत्कार मी घेईन. शाल तुझ्या आईच्या फोटोवर ठेवू.

किसन


अराद
९ मार्च २०२५

बाबा,

बॅनर काढायला सांगा.

मी अजून काहीच झालेली नाही. प्रवेशाचा होकारही कोणाला कळवलेला नाही. आणि कळवेन तो बहुतेक मास्टर्सला. तुम्ही माझं पत्र वाचलंत, त्यातलं मास्तर तेवढं दुरुस्त केलंत आणि बाकी सगळं बाजूला ठेवलंत. मी तुम्हाला विचारलं होतं की काय करू. मी काय झाले ते तुम्ही गावाला सांगून मोकळे झालात.

आतिका पडली. चौथ्या रोजाला. नेहमीची गोळी पहाटे नेहमीसारखी घेतली, मग दिवसभर पोटात पाणी नाही, अन्न नाही. दुपारी रक्तातली साखर उतरली. नमाजाआधी हातपाय धुवायला उठली आणि न्हाणीघरात कोसळली. सुनेने आवाज ऐकला म्हणून वाचली. मनगट मोडलं आहे, डोक्याला टाके आहेत. शुद्धीवर आल्यावर मला बघून म्हणाली, "बेटी, मैंने सोचा अल्लाह संभाल लेगा." डॉक्टरांची तारीख अजून चार दिवसांनी होती.

घरी आल्यावर उज्ज्वलला म्हटलं, "चार वर्षं नाही जमणार मला. परदेशात महिने काढायचे, मैत्री इथे, तू शिफ्टला. मी बाबांना तसंच लिहिते."

तो म्हणाला, "मैत्रीला मी सांभाळीन. ते कारण सांगू नको त्यांना."

"मग काय सांगू?"

"तुला काय पाहिजे ते सांग. कारणं सांगितलीस की ते एकेक कारण खोडून काढतील. आणि हे बघ, माझं नाव पुढे करायचं नाही."

म्हणून सांगते. मला तुमच्या कमानीवरची डॉक्टर व्हायचं नाही. मला आतिकासमोर बसून तिची गोळी बदलून द्यायची आहे. दोन वर्षांत ते होईल तर मी चार वर्षं कोणासाठी थांबू? तुमच्यासाठी?

कडक लिहिलंय. फाडून पुन्हा लिहिणार होते, पण मग पाठवलंच नसतं.

सीमा


अराद
२४ मार्च २०२५

बाबा, जयभीम.

दोन आठवडे झाले, तुमचं काही नाही. संदेशला फोन केला तर म्हणाला, तब्येत ठीक आहे, वेळेवर जेवतात, पण विहारात जात नाहीत. पत्राचं विचारलं की चष्मा पुसत बसतात.

मी लिहिलेलं परत घेत नाही, पण ज्या दिवशी लिहिलं तो दिवस वाईट होता, हे तुम्हाला कळावं. आतिका घरी गेली. ईदनंतर मनगटाचं प्लास्टर काढायला येईल. तिची सून रोज एक व्हॉइस मेसेज पाठवते, अर्धा अरबी, अर्धा हिंदी, आणि शेवटी खलास म्हणते म्हणजे संपलं असं मी समजते. डॉ. सायरांनी त्या दिवशीपासून माझ्याशी फारसं बोलणं केलेलं नव्हतं. मला वाटलं, रागावल्या. काल स्वतःच चहाचे दोन कप घेऊन आल्या. म्हणाल्या, "तू मला विचारलं होतंस आणि मी चालत राहिले. सारखं तेच आठवतं." मी म्हटलं, तुम्ही थांबला असतात तर मागचे दहाजण तसेच राहिले असते. त्या म्हणाल्या, "तेच तर." मग आम्ही दोघी चहा पीत बसलो. रोजा सुटल्यावरची वेळ होती, बाहेर सगळा रस्ता मोकळा.

तुम्ही रागावला असाल तर रागाचंच लिहा. कोऱ्या कागदापेक्षा बरं.

सीमा


तुमसर
३ एप्रिल २०२५

सीमा, जयभीम.

रागावलो होतो. "कोणासाठी, तुमच्यासाठी?" हे वाक्य मी संदेशला वाचू दिलं नाही. तो कागद उशीखाली ठेवला. पहिले काही दिवस वाटलं, पोरगी परदेशात राहून बापाशी बोलायचं विसरली. मग वाटलं, बापाशीच बोलली आहे, दुसऱ्या कोणाला असं कोण लिहीत असतं.

विहारात गेलो. संतोषला म्हटलं, बॅनर बदल. तो म्हणाला, "किसनभाऊ, छापून झाला ना जी. कमानीच्या मापाचा आहे. आणि दोन वर्षांनी काय, चार वर्षांनी काय, होणारच आहे ना डॉक्टर? एवढं कोण पाहून राहिलं?"

मी म्हटलं, "मी पाहून राहिलो."

"मग काय लिहू नावापुढे?"

"परिचारिका लिही."

तो म्हणाला, "मग सत्कार कशाचा?" तिथे चार-पाच माणसं बसली होती. मला कमी ऐकू येते, पण हे ऐकू आलं. मी म्हटलं, "ज्याचा करायचा आहे त्याचाच. नसेल करायचा तर नाव काढून टाक, मला राग नाही." आणि घरी आलो. त्यानंतर दोन दिवसांनी तो स्वतः आला. बॅनर बदलला आहे. परिचारिका सीमा गजभिये असं आहे. फोटोही बदलून घेतला, तुझ्या ड्रेसमधला.

आता तुझ्या प्रश्नाचं. डॉक्टर हो असं मी का म्हणून राहिलो, ते तुला वाटलं मिरवायला. मिरवायचं होतंच, खोटं काहून बोलू. माझ्या बापाच्या नावापुढे कधी काही लागलं नाही, आणि मागेही गावाने धड लावलं नाही. अर्ध्या नावाने हाक मारायचे. मी हिद्दला गेलो तर तिथेही वीस वर्षांची पोरं "ए किसन" म्हणायची. कार्डावर मिस्टर होतं तेवढंच. म्हणून वाटे, आपल्या घरात एकाच्या तरी नावापुढे असं काही लागावं की हाक मारणाऱ्याची जीभ आधी थांबली पाहिजे. यात तुझा पेशंट कुठेच नव्हता, हे तुझं खरं.

पण आतिकाबाईचं वाचून दुसरी गोष्ट मनात आली, ती लिहितो. पटली तर घे. यार्डात आम्ही फिटर लोक सगळं जाणत होतो, कोणतं मशीन कुठे अडते ते. पण शिफ्ट कशी लावायची, मशीन कधी थांबवायचं, हे ठरायचं वरच्या मजल्यावरच्या खोलीत. आम्ही खालीच. तू दोन वर्षांनी एका आतिकाची गोळी बदलशील, चांगलं आहे. पण तारीख रमजान लागल्यावर देण्याचा जो नियम आहे, तो कोणत्या खोलीत बदलते? त्या खोलीत जायला कोणता कागद लागते? डॉक्टरेटवाला लागत असेल तर माझ्यासाठी नको, त्या खोलीसाठी कर. आणि नसेल लागत तर मास्टर्स कर, मी काही बोलणार नाही.

हे तू ठरव. मी गावाला काही सांगणार नाही.

किसन


अराद
२९ एप्रिल २०२५

बाबा, जयभीम.

तुमचं पत्र घेऊन मी सिस्टर सॅन्ड्रांकडे गेले. अदलियात त्या राहतात, त्यांच्याकडे ईस्टरचं जेवण झालं होतं, घरात अजून माणसं होती. आम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहून बोललो. त्यांना मी तुमचं खोलीचं वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "तुझे बाबा बरोबर विचारतात गं. मी इतकी वर्षं इनचार्ज आहे, मला त्या मीटिंगला बोलावतात, पण शेवटी बसवतात, हजेरीला. कागद असता तर कदाचित आधी विचारलं असतं. कदाचित. डॉक्टर सायराकडे तर केवढा कागद आहे, तिचं कोण ऐकतं?"

"मग मी काय करू?"

"तू मीटिंगला ये. पुढच्या आठवड्यात आहे. कागद येईल तेव्हा येईल, तोंड आत्ता आहे ना?"

गेले मी. बाबा, मलाही शेवटीच बसवलं. मी आतिकाचं सांगितलं, नाव न घेता. म्हटलं, पुढच्या वर्षी रमजानच्या महिनाभर आधी या पेशंटसाठी वेगळं क्लिनिक ठेवा. आम्ही नर्सेस आधी तपासून सगळे कागद तयार ठेवू, म्हणजे डॉक्टरांना प्रत्येकामागे थोडाच वेळ लागेल. एकाने विचारलं, "पण औषध ठरवणार कोण?" डॉ. सायरा म्हणाल्या, "सही मी करीन." शेवटी हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, बघू. बस, एवढंच. बघू. इंशाल्लासारखंच आहे हेही.

खोलीचं उत्तर मला पूर्ण मिळालेलं नाही. काही खोल्या कागदाने उघडतात, काही उघडतच नाहीत. पण एक कळलं. त्या खोलीत मी बोलू शकले ते आतिकामुळे. मी पेशंटपासून चार वर्षं दूर गेले असते तर बोलायला माझ्याकडे काय राहिलं असतं, माहीत नाही. दुसऱ्या कोणाला जमेल तसं. माझा स्वभाव तो नाही. मला आधी हाताला काम लागतं, मग डोकं चालतं.

मास्टर्सला होकार दिला. ते झाल्यावर वाटलं तर डॉक्टरेटला पुढे जाता येतं, वेळही कमी लागतो. पण हे तुमची समजूत काढायला लिहीत नाही. जाईन की नाही, मला आज माहीत नाही.

संदेशने सत्काराचा फोटो पाठवला. तुम्ही शाल घेऊन उभे आहात आणि हसत नाही. कोणी काही बोललं का?

सीमा


तुमसर
५ मे २०२५

सीमा, जयभीम.

कोणी काही बोललं नाही. माइकवर नाव पुकारलं तेव्हा मला ऐकू आलं नाही म्हणून मी बसूनच राहिलो. संदेशने ढकललं. फोटोत म्हणून तसा चेहरा आहे.

तू मास्टर्स घेतलं. मी वाचलं. आनंद झाला असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल, म्हणून लिहीत नाही. पण रात्री झोप लागली. तू मीटिंगमध्ये बोललीस ते मात्र दोनदा वाचलं.

अभ्यासाला लाग. मैत्रीला मराठी लिहायला शिकव, नाही तर माझ्यानंतर तुला पत्र कोण लिहील?

किसन


अराद
१२ फेब्रुवारी २०२६

बाबा, जयभीम.

मधल्या महिन्यांत माझी पत्रं तोकडी झाली, तुम्ही तक्रार केली नाहीत. अभ्यास, ड्यूटी, मैत्रीची शाळा. उज्ज्वल आता डाळ-भात चांगला करतो, भाजीचं मफी, अजून नाहीच जमत.

त्या 'बघू'चं काय झालं ते कळवते. रमजानआधीचं क्लिनिक या महिन्यात सुरू झालं. आठवड्यातून एकच दिवस, एकच खोली. मी अजून शिकतेय, सही माझी चालत नाही. पण पेशंट आधी माझ्यासमोर बसतो. मी तपासते, औषधाचं काय बदलावं ते लिहिते, मग डॉ. सायरा येऊन बघतात आणि सही करतात. कधी माझं खोडतात. मागच्या खेपेला दोनदा खोडलं, आणि का खोडलं ते उभ्याउभ्या समजावलं.

आतिका पहिल्याच दिवशी आली होती. तिला या वर्षी रोजा धरू नका असंच सांगावं लागलं. मी सांगितलं, डॉ. सायरांनीही सांगितलं. ती रडली. मला वाटत होतं, वेळेवर भेट झाली की सगळं सोपं होईल. गोळीची मात्रा मला कळते. रोजा सोडायला सांगितल्यावर म्हातारीचं काय तुटतं, ते मला अजून नीट कळत नाही. मी तिचा हात धरून बसले, बाहेर रांग वाढत होती, तरी बसले.

काल हिद्दहून एक वेल्डर आला, गोरखपूरचा. आत येऊन उभाच राहिला. "आप डॉक्टर हैं?"

"नहीं. नर्स हूँ. बैठिए."

"डॉक्टर आएँगे तब आऊँ?"

"आएँगे. तब तक पाँव दिखाइए."

तो मग बसला आणि बूट काढायला लागला.

सीमा


तुमसर
२४ फेब्रुवारी २०२६

सीमा, जयभीम.

पत्र मिळालं. यावेळी प्रिंट काढायला संदेशसोबत मी स्वतः गेलो आणि झेरॉक्सवाल्याला म्हटलं, तिकडे तोंड कर.

डॉक्टरेटचा विषय मी मनातून काढून टाकलेला नाही, हे तुला माहीत असू दे. तुझं शिक्षण झालं की एकदा विचारीन. एकदाच.

दुसरं काम आहे. दिवाळीपासून माझ्या दोन्ही तळपायांना मुंग्या येतात. चप्पल पायातून निघते ते कळत नाही, चार पावलं पुढे गेल्यावर समजते. संदेशला सांगितलं नाही, तो घाबरते. या पत्राचा फोटोही मी स्वतःच काढून पाठवून राहिलो, उत्तर माझ्याच फोनवर दे. सोमवारी इथल्या डॉक्टरकडे जाणार आहे. तिथे गर्दी असते, तो विचारते भराभर, मला अर्धं ऐकू येत नाही आणि मी हो हो म्हणून परत येतो. मागच्या वेळी तसंच झालं.

म्हणून तू मला लिहून पाठव. त्याला आधी काय सांगू, तो काय तपासेल, काय तपासलं नाही तर मी मागून घेऊ, सगळं मोठ्या अक्षरात. मी कागद त्याच्यासमोर ठेवीन. कोणी लिहिलं असं त्यानं विचारलं तर सांगीन, माझी नर्स आहे, बहरीनला असते.

तुला मला काही विचारायचं असेल तर आधी ते विचार. मी खरं खरं लिहीन. पोरगी म्हणून घाबरू नको, तसं घाबरलीस तर मग मी दुसऱ्या कोणाला विचारू?

सोमवारच्या आधी पाठव.

किसन